तिवराची मुळं आणि आपली पाटी

आम्ही ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या बचत गटाच्या बायका. आज जरा लांबून सुरुवात करतो.

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर शहरात देशोदेशीच्या प्रतिनिधींनी एक करार केला. दलदल, तळी, खाड्या या पडीक जागा नाहीत, त्या राखायच्या, असं ठरलं. त्या कराराच्या यादीत २०२२ मध्ये आपली ठाणे खाडी आली. महाराष्ट्रातलं हे तिसरं नाव. आधीची दोन म्हणजे नांदूर मधमेश्वर आणि लोणार.

गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवलं, तर एक मावशी म्हणाल्या, "यादीत नाव आलं, मग माझ्या पाटीत निवट्या कमी का?" आमच्याकडे पुरतं उत्तर नव्हतं.

पण चिखलात उतरलं की थोडं कळतं. तिवराची मुळं वर टोकं काढतात, खिळे उलटे ठोकल्यासारखी. खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्या टोकांतून श्वास घेतं. त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या की झाड घुसमटतं. आणि कोळंबीची, खेकड्याची पिल्लं वाढतात ती याच मुळांच्या आसऱ्याला. (तिवराचं पान चाटून बघा, खारट लागेल. जास्तीचं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं.)

येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ओहोटी लागली की आम्ही जेट्टीजवळच्या पिशव्या काढणार आहोत. या. गमबूट घालूनच या, मागच्या वेळी दोघींचे पाय काचेने कापले होते.