नाथ कोण? अनाथ कोण?

(व्याख्यानाचा संक्षेप)



घरात कोणी अत्यवस्थ झाले, की डॉक्टरांना बोलावणे जाते आणि त्याच वेळी उशाशी मांगलिक सुरू होते. अरिहंत, सिद्ध, साधू आणि केवलिप्रणीत धर्म या चारांना शरण जाण्याचा तो उच्चार. बालपणापासून तो जिभेवर इतका रुळलेला असतो, की त्याचा अर्थ विचारण्याची वेळ संकटातच येते. सिद्ध परमात्मा वीतराग आहेत. ते कोणावर प्रसन्न होत नाहीत, कोणावर कोपत नाहीत, धावून येऊन कोणाचा रोगही हरत नाहीत. मग आजारी मुलाजवळ बसलेल्या मातेने त्यांच्याकडे मागावे तरी काय?

उत्तराध्ययन सूत्राच्या विसाव्या अध्ययनातील संवाद याच प्रश्नाला भिडतो. मगधाधिपती श्रेणिक मंडिकुक्षी उद्यानात गेला असता वृक्षाखाली बसलेले एक तरुण मुनी त्याच्या दृष्टीस पडले. भोगाच्या वयात हा त्याग का, असे त्याने विचारले. आपण अनाथ होतो, आपला कोणी रक्षक नव्हता, असे मुनी म्हणाले. राजाला हसू आले. त्याने स्वतःच त्यांचा नाथ होण्याची तयारी दाखविली. त्यावर, जो स्वतः अनाथ आहे तो दुसऱ्याचा नाथ कसा होणार, असा प्रतिप्रश्न आला. हत्ती, घोडे, नगरे, अंतःपुर यांच्या स्वामीला असे कोणी कधी ऐकविले नव्हते.

मुनींची कहाणी दारिद्र्याची नव्हती, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. कौशांबीतील धनाढ्य पित्याचे ते पुत्र. ऐन तारुण्यात त्यांच्या डोळ्यांत असह्य वेदना उठली, सर्वांगाचा दाह होऊ लागला. निष्णात वैद्य झाले. पित्याने सर्वस्व देऊ केले. माता शोकाने व्याकुळ झाली. पत्नी अन्नपाणी सोडून जवळ अश्रू ढाळीत राहिली. प्रेमात कोणाचेच उणे नव्हते. तरीही त्या वेदनेचा कणभर वाटा कोणाला घेता आला नाही. हाच तो अनाथपणा.

मग एका रात्री त्यांनी निश्चय केला, की या पीडेतून सुटका होताच अनगार व्हायचे. झोप लागली आणि रात्र सरता सरता वेदना ओसरली. कोणी म्हणेल, हा तर नवसच झाला! शंका रास्त आहे. परंतु नवसात देवाला काही द्यायचे आणि मोबदल्यात काही घ्यायचे असते. या तरुणाने कोणाला छत्र-चामर कबूल केले नव्हते, आणि सूत्रात त्याला बरे करणारा कोणी देवही अवतरत नाही. त्याने स्वतःला बदलण्याचे ठरविले, आणि सकाळी आप्तांचा निरोप घेऊन तो शब्द पाळला. तेव्हापासून तो स्वतःचा व इतर जीवांचाही नाथ झाला. पुढे मुनी आणखी एक कठोर गोष्ट सांगतात : दीक्षा घेऊन व्रतांत शिथिल राहणारा साधूही अनाथच. केवळ वेषाचा आश्रय तिथे चालत नाही.

पण वेदना ओसरलीच नसती तर? कथा ऐकणाऱ्याच्या मनात हा प्रश्न राहतोच. त्यासाठी कुंथलगिरीकडे पाहावे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी उतारवयात क्षीण होत गेली. पावलापुढची भूमी दिसेना, तेव्हा जीवजंतू वाचवून चालण्याची ईर्यासमिती पाळावी कशी? इथे डोळे परत आले नाहीत. महाराजांनी व्रत ढिले केले नाही; 1955 च्या ऑगस्टमध्ये कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्रावर सल्लेखना घेतली. देह थकत असता त्यांनी श्रावकांना मराठीतून अखेरचा संदेश दिला. त्यात स्वतःच्या व्याधीचे गाऱ्हाणे नव्हते. दररोज थोडा वेळ तरी आत्मचिंतन करावे आणि संयम धारण करण्यास भिऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते. 18 सप्टेंबर 1955 रोजी त्यांनी देह ठेवला.