तीन वर्ग, एक श्वास

गाणे, अभिनय आणि नृत्य शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आणि पहिली पाळी संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून थेट या सभागृहात आलेल्या विद्यार्थ्यांनो,

मला पोटाबद्दल बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी शिकवत होतो त्या वर्गात चाकणला नोकरी करणारी एक मुलगी यायची. गळा गोड, चेहरा बोलका, पाय तयार. सोमवारी तिला गाणे असे, बुधवारी अभिनय आणि शनिवारी नृत्य. गाणे मी शिकवायचो. मी सांगायचो, ‘पोट सैल सोड, श्वास खाली जाऊ दे.’ शनिवारी नृत्याच्या बाई सांगायच्या, ‘पोट आत घे, पाठ ताठ ठेव.’ बुधवारचे शिक्षक सांगायचे, ‘शरीराचा विचारच करू नकोस, पात्राचा कर.’ आम्ही तिघेही आपापल्या जागी बरोबर होतो. प्रयोगाच्या दिवशी ती गिरकी घेऊन अंतऱ्यावर आली आणि तिचा आवाज फुटेना. दम संपला होता. विंगेतून मी तिच्याकडे पाहत होतो. चूक तिची नव्हती, आम्हा तिघांची होती, हे मला त्या क्षणी कळले. आम्ही तिघे वर्षभर एकमेकांच्या वर्गात एकदाही जाऊन बसलो नव्हतो.

त्या दिवसापासून मी एकच प्रश्न घेऊन हिंडतो आहे. नाचत नाचत गाणाऱ्या आणि गाता गाता पात्र होणाऱ्या माणसाला दम कुठून मिळतो?

आपल्या संगीत नाटकाचा इतिहास पाहा. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणायचा आणि पात्रे आविर्भाव करायची. म्हणजे गळा एकाचा, अंग दुसऱ्याचे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ उभे राहिले आणि पद पात्राच्याच तोंडी आले. हा फार मोठा बदल होता. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू आणि बालगंधर्वांसारखा शिष्य असे योग जुळले, गाणे शिखरावर गेले. पण पाय? पाय मागे राहिले. पांढरपेशा रंगभूमीने गळा आणि चेहरा घेतला. नाचणारे पाय तमाशाच्या फडात राहिले आणि त्या फडाला प्रतिष्ठित नाट्यगृहाचे दार कितीतरी काळ बंद होते. आज आपल्या वर्गांच्या वेळापत्रकात गाणे आणि नृत्य वेगवेगळ्या दिवशी पडतात, त्यामागे ही जुनी फाळणी आहे, असे माझे मत आहे. आपण ती नकळत पुढे चालवतो आहोत.

मला उत्तर मिळाले ते आपल्या पिंपरी-चिंचवडहून जवळच, आळंदीत. दिंडीत टाळकरी समोरासमोर दोन रांगा करून उभे राहतात. गळ्यात टाळ, मृदंगावर लय, मुखी अभंग आणि पायात पावली. लय विलंबितात सुरू होते, हळूहळू चढते, माणसे वाकतात, उड्या घेतात, आणि अभंग तुटत नाही. मी अनेकदा त्या रांगेच्या कडेला उभा राहून फक्त श्वास कोण कधी घेतो ते पाहत आलो आहे. एका रांगेने चरण म्हटला की दुसरी तो उचलते. जो उडी घेतो तो त्या क्षणी गात नसतो. त्याचा सूर शेजाऱ्याने धरलेला असतो. दम वाटून घेतलेला असतो.

हाच हिशेब चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगावात दिसतो. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाईंचे हे गाव. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. लावणी नीट ऐका. बाई ओळ गाते, अदा करते. ओळीच्या टोकाला मागचे सुरते झील धरतात, ढोलकीवाला तुकडा वाजवतो आणि त्या जागेत पाय घुंगरांसकट मोकळे सुटतात. समेवर पाय थांबतात आणि गळा परत येतो. गाणे जिथे विश्रांती घेते तिथे नाच आहे, नाच जिथे ओसरतो तिथे शब्द आहे. हे शास्त्र आहे, मित्रांनो. पिढ्यान्‌पिढ्या शरीरावर पारखून घेतलेले. आपण त्याला अडाणी म्हणून बाजूला ठेवले आणि पाश्चात्त्य पुस्तकांत उत्तर शोधले.

पाश्चात्त्यांनाही ते सहज मिळालेले नाही. 1943 च्या ‘ओक्लाहोमा’ या अमेरिकन संगीतिकेत नायिकेच्या स्वप्नाचा मोठा नृत्यप्रसंग आला, तेव्हा नायक-नायिकेच्या जागी दुसरे नर्तक उभे राहिले. 1957 च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’पर्यंत येता येता दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स एकाच कलावंताकडून तिन्ही मागू लागले.

आणि आपल्याकडे? 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. माणसांची एक रांग, तीच भिंत, तीच पडदा, तीच गाणारी, तीच डोलणारी. संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. पटेल डॉक्टर, नानाची भूमिका करणारे मोहन आगाशेही डॉक्टर. दिवसा पोटापाण्याचे काम आणि त्यानंतर तालीम, हे तुमच्या ओळखीचे आहे ना? ‘घाशीराम’मधली ती रांग आळंदीच्या टाळकऱ्यांच्या रांगेची सख्खी बहीण आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तीन शिक्षकांनी एकाच तासाला, एकाच खोलीत उभे राहावे. पद आधी गद्यासारखे बोलावे, अर्थ कुठे थांबतो ते पाहावे. मग तेच बोलत ठेक्यावर चालावे. मग चालत गावे. गिरकी कुठे आणि श्वास कुठे, हे संहितेवर पेन्सिलीने लिहावे. जिथे दोन्ही एकाच मात्रेवर येतात तिथे रचना बदलावी, मुलाला दोष देऊ नये. पोट आत की सैल, याचे उत्तर ओळीगणिक निराळे असते आणि ते तिघांनी मिळून ठरवायचे असते. आणखी एक कळकळीने सांगतो: स्पर्धेसाठी ध्वनिमुद्रित ट्रॅकवर ओठ हलवायला मुलांना शिकवू नका. दमलेला खरा आवाज चालेल. बक्षीस गेले तरी चालेल.

आपले विद्यार्थी पाळीत काम करतात. आठवडा बदलला की पाळी बदलते, आणि ठरावीक वारांचे वर्ग असतील तर एकाचे गाणे बुडते, दुसऱ्याचे नृत्य. तिन्ही एकाच तासात असतील तर जो येईल त्याला पूर्ण शिक्षण मिळेल. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असा तोच तास दोनदा घ्यावा. आपल्याकडे आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, भोसरीचे लांडगे नाट्यगृह आहे. रंगमंच आहेत, त्यांच्यावर दमासकट उभी राहणारी माणसे घडवायची आहेत.

ती मुलगी आज सभागृहात आहे. तिने गाणे सोडले नाही. दुपारच्या सत्रात खुर्च्या भिंतीला लावू, चपला बाहेर काढू आणि समोरासमोर दोन रांगा करू. टाळ आणले आहेत. पहिला चरण ती म्हणेल, उचलायचा आपण.