नर्मदेची घळ आणि आपली मुले

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



उन्हाळ्याची रजा मंजूर झाली की आपण गावाकडे निघतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु एखादा उन्हाळा आपण राहतो त्या प्रदेशालाही द्यावा, अशी माझी विनंती आहे.

एका मे महिन्यात आम्ही सहकुटुंब भोपाळहून मोटारीने भेडाघाटास गेलो. बरेली, तेंदूखेडा मागे टाकीत सुमारे तीनशे किलोमीटर पूर्वेस गेले की जबलपूरच्या अलीकडेच नर्मदेची ही संगमरवरी घळ लागते. ती पाहावी उन्हाळ्यातच. पावसाळ्यात नावा बंद असतात आणि महापुरात धुवाँधार धबधबादेखील पाण्याखाली लुप्त होतो. १९९० साली पूर्ण झालेले बरगी धरण वरच्या अंगास असल्याने ग्रीष्मातही प्रवाह आटत नाही.

पंचवटी घाटापासून धबधब्याकडे सकाळच्या उन्हात पायीच जावे. वाटेत टेकडीवर दहाव्या शतकातील, कलचुरी राजवटीचे चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. नाव चौसष्टांचे असले तरी वर्तुळाकार ओवरीत कोनाडे ८१ आहेत. बहुतेक मूर्ती भग्न आहेत. तथापि त्यांच्या बैठकीतील डौल भंगलेला नाही. पुढे धुवाँधारचे तुषार अंगावर येतात. त्याच्या खालच्या अंगास दीडशे कोटी वर्षांहून प्राचीन अशा संगमरवराच्या भिंतींमधून नदी एकाएकी शांत होऊन वाहते. शुभ्र कातळात मधूनच ज्वालामुखी खडकाचे काळसर पट्टे दिसतात. जवळच्याच लमेटा घाटाचे नाव भूगर्भशास्त्रज्ञांनी एका खडकस्तराला दिले आहे. त्याच स्तरातील डायनोसॉरची हाडे १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास जबलपूरनजीक सापडली.

नावाडी यमके जुळवीत प्रत्येक कड्याचे वर्णन करीत होता. मध्येच त्याने विचारले, "आपण कुठले?" मी म्हणालो, "वाईचे." त्याच क्षणी माझी कन्या म्हणाली, "भोपाळचे." नावाडी हसला. मी मात्र गप्प झालो, कारण दोन्ही उत्तरे खरी होती.

नर्मदा आपणांस परकी नाही. अहिल्याबाईंनी तिच्या तीरावर महेश्वरी घाट बांधले. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. आज भोपाळच्या नळांनाही काही अंशी तिचेच पाणी येते. मुलांना हे ठाऊक नाही. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की, त्या दिवशी जे पाहिले ते घरी सांगताना मुलीला मराठी शब्द सापडेनात. घळ, कातळ, डोह, तुषार, ओवरी हे सारे शब्द आपल्या भाषेत आहेत. पण घरातील मराठी स्वयंपाकघर, सणवार आणि गावाकडच्या आठवणी यांपलीकडे जात नाही. जी भाषा समोरच्या नदीचे वर्णन करू शकत नाही, ती मुलांनी कशासाठी जपावी?

म्हणून माझी सूचना अशी: मंडळाने दर उन्हाळ्यात मुलांची एक सहल याच प्रदेशात काढावी आणि परतल्यावर तिचे वर्णन त्यांच्याकडून मराठीत लिहवून घ्यावे. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. निवडक लेख वार्षिक अंकात छापावेत. पन्नास वर्षे आपण येथे मराठी टिकविली. पुढील पन्नास वर्षे ती येथे रुजली पाहिजे.