पाटीच्या वर नजर न्या

अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. इ. स. 1060 मधलं, शिलाहारांच्या काळातलं हे भूमिज शैलीतलं देऊळ. या शैलीत शिखरावर चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकीवर एक चढवतात. एकच घटक पुन्हा पुन्हा येतो आणि दगडाला लय येते. ती लय हेरणारी नजर घेऊन आज उल्हासनगरच्या बाजारात चला.

इथल्या जुन्या दुकानांचा सांगाडा लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण कॅम्प वसला. लांबलचक, बैठ्या, ठरावीक मापाच्या 2,000हून जास्त बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यांतल्या खोल्या मिळाल्या. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. पोटापाण्यासाठी धंदा हवाच होता. रस्त्याकडची बाजू दुकानाला गेली, संसार मागे सरकला. आपल्या जुन्या पेठांत खाली पेढी आणि वर बिऱ्हाड. इथे पुढे पेढी आणि मागे बिऱ्हाड.

आता बघायचं कसं? रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि आधी शटरं बघा. ओळीने सारख्याच रुंदीची दुकानं दिसली, तर ते माप बहुधा बराकीच्या खोलीचं. मध्येच एखादं दुप्पट रुंद असेल, तर आतली भिंत पाडून दोन खोल्या एक केल्या असाव्यात. मग पाटीच्या वर बघा. उतरतं छप्पर अजून शिल्लक आहे का? पुढे काढलेला स्लॅब त्याला कुठे मिळतो? एकाने मजला चढवलाय, शेजारी बैठाच राहिलाय. शेवटी पाटीचा खालचा कोपरा वाचा: ‘बी. के. नं.’ आणि पुढे आकडा. हा बराकीचा नंबर. बराक पाडून इमारत उठली तरी पत्ता बरेचदा तोच राहतो.

या रचनेवर कुणा एका वास्तुविशारदाची सही नाही. फौजेने माप आखलं, दुकानदारांनी गरजेप्रमाणे ते मोडलं. दोघांचं काम एकाच दर्शनी भागावर वाचता येतं, आणि माझ्या मते हेच तिचं सौंदर्य.

बराकी झपाट्याने जात आहेत. तेव्हा बदलापूर-अंबरनाथहून खरेदीला येणाऱ्यांनो, घासाघीस करण्याआधी दोन मिनिटं वर बघा. आणि उल्हासनगरकरांनो, घरात दुकानाचा जुना फोटो असेल, तर त्याच्या मागे साल आणि बराक नंबर आजच लिहून ठेवा.