पेटीला तीन कुलपं

आज आम्ही दोघं नवरा-बायको तुमच्याशी बोलायला आलोय. भाषण दोघांनी बसून लिहिलं, म्हणून बोलताना 'आम्ही' म्हणणार. आमच्यातली एक सिस्टर. सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करण्यात तिची नोकरी सरली. दुसरे मिस्त्री. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात तीस वर्षं हापसे उपसून त्यांच्या हाताला घट्टे पडलेत. दोघंही निवृत्त झालो, मुलं मार्गी लागली, आणि मंडळीच्या ओळखीतून आफ्रिकेतल्या झांबिया देशात पावणेदोन वर्षं सेवेला जाऊन आलो. पगार नव्हता, पेन्शनवर राहिलो.

आपल्या नगर भागात बाहेरदेशचे मिशनरी नवे नाहीत. सिंथिया फॅरार नावाच्या बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या आणि पुढं अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. लहानपणापासून अशा गोष्टी ऐकत आलो होतो. वाटायचं, आपल्याकडं लोक आले, तसं आपणही कुठंतरी जावं. ते साठीनंतर जमलं.

परत आल्यापासून गावातल्या बाया एकच विचारतात, "तिकडं दिवसभर करत काय होता?" आज त्याचंच उत्तर देतो. त्यात आमची एक चूक आहे, तीही सांगतो.

आम्ही राहायचो त्या देशाच्या पूर्व भागात, चिपाटा शहरापासून आत एका खेड्यात. राजधानी लुसाकाहून बसनं दिवसभराचा प्रवास. आरोग्यकेंद्राच्या मागं दोन खोल्या मिळाल्या होत्या. पहाटे पाचला उठायचं, कोळशाची शेगडी पेटवायची. वीज कधी असायची, बऱ्याचदा नसायची. तिथं सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडं साडेनऊ. रविवारी उपासनेला जायच्या आधी घरी फोन लावायचा. आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आम्ही तिकडं असतानाच झालं. शेकडो बायांची बाळं जिनं हातात घेतली, तिनं स्वतःची नात व्हॉट्सॲपवर पाहिली. त्या दिवशी शेगडीवरचा चहा उतू गेला, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

तिथल्या भाषेत पाण्याला 'माद्झी' म्हणतात आणि आईला 'अमायी'. आमच्या सिस्टरला सगळे अमायीच म्हणायचे, कानाला माहेरासारखं वाटायचं. 'कसे आहात' याला 'मुली ब्वांजी' म्हणतात. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आपल्या मुलींचीच चौकशी करतायत. आम्ही बोटं दाखवून सांगितलं, एकच आहे!

जेवण म्हणजे 'न्शिमा'. मक्याचं पांढरं पीठ उकळत्या पाण्यात घाटायचं, आपल्या उकडीपेक्षा घट्ट. हातानं गोळा करायचा आणि पालेभाजीबरोबर खायचा. भोपळ्याच्या पानांच्या भाजीत दाण्याचं कूट घालतात. पहिला घास खाल्ला आणि आम्ही एकमेकांकडं पाहिलं. ही तर आपलीच चव! त्याच पिठाच्या भाकरी थापून पाहिल्या. निम्म्या तव्यावरच मोडल्या. शेजारणी पोट धरून हसल्या.

सिस्टरची तिथं नोंदणी नव्हती. सुई-औषधाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. तिचं काम समजावून सांगायचं. आरोग्यकेंद्राच्या आवारात दिवस भरत आलेल्या बायांसाठी एक खोली होती. लांबच्या वस्तीवरची बाई आठ-पंधरा दिवस आधी येऊन तिथं राहते, म्हणजे कळा सुरू झाल्यावर धावाधाव होत नाही. आपल्याकडं आदिवासी भागात 'माहेरघर' असतं, तसंच. स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा. त्या बायांमध्ये बसून सिस्टर बोलायची. अंगावरचं दूध, हात धुणं, जुलाब लागले तर साखर-मिठाचं पाणी. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तुम्हीही हे माप पाठ करून ठेवा.

मिस्त्रींचं काम हापशाचं. तिथला हापसा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते त्याच्याभोवती दोनदा फिरले. तोच दांडा, तीच साखळी, तेच डोकं. इंडिया मार्क दोन! तुमच्या-आमच्या गावात आहे तोच. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमाराला आपल्याकडं बोअर खूप झाले. पण त्यावर बसवलेले बिडाचे पंप एका घराच्या वापराचे होते. अख्खं गाव हापसायला लागलं की मोडायचे. त्या काळात सोलापुरात एक दणकट पंप तयार झाला होता. त्यात सुधारणा करून सरकार आणि युनिसेफ यांनी १९७० च्या दशकात हा हापसा उभा केला, आणि पुढं तो आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. सोलापूरचं नाव तिथं कोणाला माहीत नव्हतं. आम्ही येईल त्याला सांगत सुटलो.

आसपासच्या वस्त्यांवर सात हापसे होते. कुणाचं कातडी वायसर झिजलेलं, दांडा शंभरदा हाणला तरी पाणी येईना. कुणाचे लोखंडी पाईप आतून गंजलेले, पाणी तांबूस आणि चवीला लोखंडासारखं. तिथल्या जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी असं आहे की लोखंड लवकर खातं. मिस्त्रींनी पहिल्या चार महिन्यांत सातही हापसे चालू केले. पैसे घेतले नाहीत. पान्यांची पेटी आमच्या खाटेखाली, तिची किल्ली त्यांच्या गळ्यात. कोणीही, कधीही हाक मारली की निघायचे. लोक झिकोमो, झिकोमो म्हणायचे, म्हणजे आभारी आहोत. बाया गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार करायच्या. आम्हाला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटायचं.

मग २०२४ चा जानेवारी आला. त्या वर्षी झांबियात पटकीची साथ होती, शाळासुद्धा उशिरा उघडल्या. आम्हाला राहण्याच्या परवान्याच्या कागदांसाठी लुसाकाला जावं लागलं. चार दिवसांत येऊ म्हणालो. तिथं मिस्त्रींना मलेरिया झाला आणि एकोणीस दिवस लागले.

परत आलो तर आमच्या दारातला हापसा बंद. आम्ही गेल्यावर तिसऱ्याच दिवशी बंद पडला होता. बाया ओढ्याकाठच्या झऱ्यातून पाणी भरत होत्या, जिथं गुरंही उतरतात. पोरांना जुलाब लागले होते. शेजारणीचा दोन वर्षांचा मुलगा डोळे खोल जाऊन, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहावी, अशा अवस्थेत सायकलवरून हमरस्त्यापर्यंत आणि तिथून गाडीनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला होता. साखर-मिठाचं पाणी आईनं वाटेभर पाजलं, ते सिस्टरनंच शिकवलेलं. पोर वाचलं. पण ती परत आल्यावर तिच्या नजरेला नजर द्यायला आम्हाला चार दिवस लागले.

मिस्त्रींनी हापसा खोलला. वायसरच गेलं होतं. तासा-दोन तासांचं काम. नवं वायसर कुठं होतं? आमच्या खाटेखाली, कुलपात.

आम्ही म्हणालो, "त्या भागाचा पंप दुरुस्त करणारा माणूस होता ना, त्याला का नाही बोलावलं?" शेजारीण म्हणाली, "तो गेला. तुम्ही फुकट करायला लागल्यावर त्याला कोण बोलावणार? तो शहरात सायकलवर माणसं वाहतो आता."

हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो माणूस दुरुस्तीचे थोडे पैसे घ्यायचा, त्यावर त्याचं घर चालायचं आणि सात वस्त्यांचं पाणी चालायचं. आम्ही दया दाखवली आणि त्याचा रोजगार बुडवला. वर आम्ही तिथं कायमचे राहणारही नव्हतो.

आता ही शेजारीण कोण, ते ऐका. ती तिथल्या बचत गटाची चिटणीस. त्यांचा गट आपल्यासारखाच, थोडा वेगळा. आफ्रिकेत नायजर देशात १९९१ साली अशा गटांची सुरुवात झाली आणि मग ते सगळीकडं पसरले. बँक लांब, म्हणून पैसे लोखंडी पेटीत ठेवतात. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायांकडं. पेटी चौथीच्या घरी. तिघी जमल्याशिवाय आणि सगळ्या गटासमोर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. त्यातूनच कर्ज देतात, आणि वर्ष संपलं की व्याजासकट सगळे पैसे वाटून घेऊन नव्यानं सुरुवात करतात. अडल्या-नडल्यासाठी थोडी वर्गणी वेगळी ठेवतात.

ती आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "अमायी, आमच्या पेटीला तीन कुलपं आहेत. तुमच्या पेटीला एकच, आणि किल्ली घेऊन तुम्ही लुसाकाला गेलात."

त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. सकाळी मिस्त्रींनी गळ्यातली किल्ली काढली आणि पेटी उचलून गटाच्या बैठकीत नेऊन ठेवली.

इतकं सोपं मात्र नव्हतं. गटानं दोन बाया निवडल्या, हापसा शिकायला. म्हातारे पुरुष म्हणाले, पाईप ओढणं बाईचं काम नव्हे. आमच्या मिस्त्रींनाही आतून तसंच वाटत होतं. तीस वर्षांत त्यांच्या पथकात एकही बाई नव्हती. सिस्टर त्यांना म्हणाली, "या बाया डोक्यावर वीस लिटरचा डबा आणि पाठीला पोर बांधून दोन मैल चालतात. त्यांना पाईप जड होईल?" आपल्याच देशात, उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९० च्या दशकात बायका हापशाचं काम शिकल्या होत्या. हे मिस्त्रींनी नोकरीत असताना ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

त्या शिकल्या. मार्क दोनचं वायसर बदलायचं तर सगळे पाईप वर काढावे लागतात. तीन मीटरचा एक, असे अकरा पाईप. तीन पायांची घोडी उभी करून, पाईप चापात धरून, एकेक सोडवायचा. चाप निसटला तर सगळी लाईन बोअरमध्ये जाते. पहिल्या दिवशी आठवा पाईप निसटता निसटता राहिला. तिसऱ्या खेपेला मिस्त्री झाडाखाली बसून राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. ते त्यांना फार जड गेलं. पण हापसा चालू झाला.

शहरात गेलेल्या त्या माणसालाही गटानं निरोप धाडला. तो आला. अवघड काम त्याचं, त्याचे पैसे गट देणार. वायसर, साखळी, दांडा बायांचा. घरटी दर महिन्याला थोडी वर्गणी ठरली, ती पेटीत वेगळ्या पिशवीत. आम्ही फुकट काम करणं बंद केलं. काही जण आमच्यावर रुसले, ते सोसलं.

त्याच फेब्रुवारीच्या २९ तारखेला सरकारनं दुष्काळ जाहीर केला. ११६ पैकी ८४ जिल्ह्यांत पीक गेलं होतं. मका उभा वाळला. त्या उन्हाळ्यात हापशावर पहाटेपासून रांग, दांडा थांबायचा नाही. आमच्या वस्तीवरचा हापसा दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी चालू झाला. आम्ही फक्त चहा नेऊन दिला.

निघायच्या दिवशी बायांनी गुडघे टेकले. आम्हीही टेकले. मिस्त्रींना परत उठवायला दोघींनी हात दिला.

इथं आल्यावर काही महिन्यांनी शेजारणीचा फोटो आला. हापसा उघडलेला, दोघी हातभर ग्रीसमध्ये, आणि कडेला तो मुलगा डबा धरून उभा. खाली लिहिलं होतं, साखळी बदलली. आम्हाला काही विचारलं नव्हतं. आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं, तेही कबूल करतो.

तर बायांनो, दिवसभर आम्ही करत होतो ते हे. आता पुढच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. आपल्या गावचा हापसा किंवा नळाची मोटर बंद पडली तर पाना कोणाकडं आहे? तो माणूस गावाला गेला तर दुसरं कोण? आणि आपल्यातल्या कोणत्या दोघी शिकतील? शिकायला तयार असाल तर सांगा. मिस्त्री घरीच आहेत, घोडी आणि चाप घेऊन येतील. पेटी मात्र तुमच्याच घरी ठेवायची.