सत्तेची वांटणी आणि गांवाचा वांटा
(नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



राज्यघटना म्हटलें कीं आपल्यापैकीं पुष्कळांना वाटतें, हें वकिलांचें काम. आपला नांगर बरा आणि आपला भाता बरा. पण चार भाऊ एका घरांत नांदत असले, तर किल्ली कोणाकडे, बैल कोणाकडे, हें ठरवावें लागतें कीं नाहीं? सर्वच एकाच्या हातीं गेलें, तर बाकीचे तिघे आपल्याच घरांत गडी होतात. देशाचेंहि तसेंच आहे. 26 जानेवारी 1950 रोजीं अमलांत आलेल्या घटनेनें ही वांटणी लिहून ठेविली. सैन्य, चलन, रेल्वे केंद्राकडे. शेती, पोलीस, पाणी राज्याकडे. आणि नदी अनेक राज्यांतून वाहत असली, तर तिचा तंटा लवादाकडे.

याच घटनेनें प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास एक मत दिलें. इंग्रजी अमदानींत मत मिळे तें मुख्यतः जमीन, सारा किंवा शिक्षण पाहून. त्या वेळीं नवापूर पेठा आणि अक्राणी महाल हे 1935 च्या कायद्याखालीं ‘अंशतः वगळलेले’ प्रदेश होते. कोणता कायदा तेथें लागू करावयाचा, हें गव्हर्नर ठरवी. आज नवापूर, तळोदें, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके पूर्ण, आणि शहादें व नंदुरबार यांचा कांहीं भाग, घटनेच्या पांचव्या अनुसूचींत आहे. येथील जमिनीचें व जंगलाचें विशेष रक्षण व्हावें, हा तिचा हेतु.

मग इतकें असून आपलीं गांवें कां बुडालीं? हा प्रश्न विचारल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. नर्मदेच्या पाण्यासाठीं 1969 सालीं लवाद नेमला गेला आणि 1979 सालीं त्यानें निवाडा दिला. पाणी धरलें 280 लाख एकर-फूट. त्यांतून मध्य प्रदेशास 182.5 लाख, गुजराथेस 90 लाख, राजस्थानास 5 लाख आणि महाराष्ट्रास 2.5 लाख. विजेंत महाराष्ट्राचा वांटा शेंकडा 27. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं मात्र आपल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गांवें आलीं. त्या लवादापुढें पक्षकार होतीं तीं चार राज्यांचीं सरकारें. मणिबेलीचा शेतकरी पक्षकार नव्हता. ज्याचें घर जावयाचें तो दाराबाहेर आणि वांटणी माजघरांत!

निवाड्यांत एक गोष्ट चांगली होती, तीहि सांगितली पाहिजे. ज्या कुटुंबाची शेंकडा 25 हून अधिक जमीन जाईल, त्यास कमींत कमी 2 हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, असें त्यांत लिहिलें. पण कागदावरची जमीन पायाखालीं यावयास लोकांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें. हक्क लिहिला म्हणजे हक्क मिळाला, असें होत नाहीं.

यावरून धडा असा कीं, दिल्ली आणि मुंबई यांनीं सत्ता वांटून घेतली म्हणजे काम संपलें नाहीं; तिसरा वांटा गांवाचा हवा. तो कायद्यानें आला आहे. 1996 च्या ‘पेसा’ कायद्यानें आपल्या भागांत प्रकल्पासाठीं जमीन घेण्यापूर्वीं व विस्थापितांना वसविण्यापूर्वीं ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घेणें बंधनकारक केलें. सल्ला म्हणजे संमति नव्हे. ती उणीव 2013 च्या भूसंपादन कायद्यानें पुष्कळशी भरून काढली आणि अनुसूचित क्षेत्रांत आधीं संमति घ्यावी असें म्हटलें. योजनांना मंजुरी देणें, लाभधारक निवडणें, आणि पंचायतीनें पैसा खर्चल्याचा दाखला देणें, हींहि कामें पेसानें ग्रामसभेकडे सोंपविलीं आहेत. 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या रकमेपैकीं शेंकडा 5 थेट पेसा क्षेत्रांतील पंचायतींकडे देण्याचें महाराष्ट्र सरकारनें ठरविलें.

आतां स्वतःला विचारा: आपल्या गांवीं तो दाखला कोणी दिला? सभा भरली होती, कीं वही घरोघर फिरवून अंगठे घेतले? कुंपणानेंच शेत खाल्लें तर दोष कुंपणाचा खरा. पण राखणदार झोंपला होता, हेंहि खोटें नाहीं.

ग्रामसभा म्हणजे सरपंच नव्हे, ग्रामसेवकहि नव्हे. मतदारयादींत नांव असलेला भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, पाटील, लोहार, सुतार, कुंभार, आणि चुलीपाशीं बसलेली प्रत्येक बाई, हे सर्व मिळून ग्रामसभा. म्हणून बायांसह सभेस जा. ठराव मोठ्यानें वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊं नका. ठरावाची नक्कल मागा. ज्याला वाचतां येत नाहीं, त्यानें शाळेंत जाणाऱ्या मुलीला शेजारीं बसवावें.

राजा गेला, गव्हर्नराचा अंमल गेला. आतां मालक आपण आहों. पण मालकानें दप्तर पाहिलें नाहीं, तर दप्तर लिहिणाराच मालक होतो, एवढें ध्यानांत ठेवा.