सफरचंदाचे झाड आणि रविवारची सुट्टी



आज एका झाडाविषयी चार शब्द बोलावेत म्हणून आम्ही उभे आहोत. झाड इंग्लंडातले, आणि आम्ही खानदेशातले. ज्यांचा आवाज कामगारांच्या सभांत बसला त्यांनी न्यूटनच्या सफरचंदावर का बोलावे, असे कोणास वाटल्यास नवल नाही. कारण सांगतोच, आधी झाड पाहू.

इंग्लंडात लिंकनशायर परगण्यात वूल्सथॉर्प नावाचे खेडे आहे. तेथे न्यूटनच्या घरापुढे हे झाड उभे आहे. १८२० साली ते वादळात कोसळले. पण मुळे जिवंत राहिली, फुटवा आला, आणि आजही त्याला फळ धरते. त्याची कलमे देशोदेशी गेली. केंब्रिजच्या वनस्पतिउद्यानात १९५४ साली लावलेले कलम फेब्रुवारी २०२२ च्या वादळात पडले. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या आवारातही अशी कलमे लावली होती. पण पुण्याची हवा त्यांना मानवली नाही, ती टिकली नाहीत. कलम म्हणजे तेच झाड, हे जळगावकरांना सांगायला नको. आपली केळीची बाग कोणी बी पेरून लावीत नाही!

आता गोष्ट. सफरचंद न्यूटनच्या डोक्यात पडले, ही पोरांना हसविण्यासाठी रचलेली कथा. खरी हकीकत त्याचा स्नेही स्टुकली याने लिहून ठेवली आहे. १५ एप्रिल १७२६ रोजी जेवणानंतर दोघे सफरचंदाच्या सावलीत चहा घेत बसले होते. तेव्हा म्हाताऱ्या न्यूटनने सांगितले की, फळ पडताना पाहून मनात आले, हे नेहमी सरळ खालीच का येते?

फळ पडलेले सर्वांनीच पाहिले होते. न्यूटनने पुढचा प्रश्न विचारला : ही ओढ चंद्रापर्यंत पोचत असेल काय? पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र आपल्या साठपट दूर. म्हणजे ओढ साठ गुणिले साठ, छत्तीसशे पटींनी कमी. फळ पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट खाली येते, तर चंद्र आपल्या सरळ वाटेवरून जेमतेम दीड मिलिमीटर पृथ्वीकडे ढळतो. तोही पडतोच आहे. पण पुढेही धावतो, म्हणून फिरत राहतो.

हे एका दुपारी सिद्ध झाले काय? मुळीच नाही. पृथ्वीचे माप कमी धरल्याने पहिला हिशेब नेमका जुळेना. फ्रान्समध्ये पिकारने जमीन मोजून अधिक अचूक माप काढले. फ्लॅमस्टीडने रात्री जागून ग्रहांची स्थाने टिपली. १६८४ मध्ये हॅलीने न्यूटनला प्रश्न विचारून लिहिते केले आणि पुढे पदरच्या पैशाने ग्रंथ छापला, १६८७ साली. विचार सुचल्यापासून वीस वर्षे लोटली होती. झाडाचे नाव झाले; मोजणाऱ्यांचे आणि खिळे जुळविणाऱ्यांचे कोण घेतो?

आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही उभे राहिलो. न्यूटनला आईने शाळेतून काढून शेतीला जुंपले होते. त्याला शेती काही जमेना. मेंढ्या मोकाट सुटल्या, डुकरे दुसऱ्याच्या पिकात शिरली, म्हणून १६५९ मध्ये त्याला दंड झाल्याची नोंद आहे. मामा आणि शाळामास्तर स्टोक्स यांनी आईला गळ घातली, तेव्हा पोरगा पुन्हा शाळेत गेला. १६६१ साली केंब्रिजला शिरला तोही श्रीमंत विद्यार्थ्यांची हलकीसलकी कामे करण्याच्या बोलीवर. १६६५ मध्ये प्लेगने विद्यापीठ बंद पडले, तो घरी आला, आणि त्याला विचार करायला सवड मिळाली. त्या काळात घरची जमीन दुसरे कोणी नांगरीत होते, हे विसरू नका.

झाडाची कलमे जगभर लावता येतात. सवडीचे कलम मात्र झगडूनच लावावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. ती केवळ अंग टेकण्यासाठी नव्हती. माणसाला स्वतःचे डोके वापरायला मिळालेला तो दिवस होता. आम्ही स्वतः जे काही वाचले ते अशाच सुट्ट्यांत वाचले. जळगाव, अमळनेर, धुळे येथील जुन्या कापडगिरण्यांचे भोंगे आता बंद झाले. पण बारा-बारा तास राबणारी माणसे कमी झालेली नाहीत.

असोद्याच्या बहिणाबाईंना शाळा मिळाली नाही. त्यांची गाणी उतरवून घेतली गेली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. जी कोणी उतरवून घेतली नाहीत अशी किती गाणी जात्यावरच राहिली असतील, याचा हिशेब नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गांतले काही बाक रिकामे पडतात. त्या बाकावरचे पोर शेतात बसून बोंड गळताना पाहत असते. ते का गळते, असा प्रश्न त्यालाही पडत असेल. आपल्या मोहल्ल्यातले असे एक तरी पोर पुन्हा बाकावर बसवा, आणि त्याच्या बापाला पुरती मजुरी मिळेल यासाठी आमच्याबरोबर उभे राहा. न्यूटनला त्याचे मामा भेटले. या पोरांचे मामा आपणच व्हायचे आहे.

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.